बांगड्या काढून लंडनला

आमच्या वस्तीत द्राक्षमळ्याची माहिती सगळ्यांना होती, द्राक्षांची कुणालाच नव्हती. दर रविवारी पाळकसाहेब चर्चमध्ये वेल, फांद्या, मळ्यातले मजूर असं काही ना काही सांगायचे आणि आम्ही पोरं मागच्या सतरंजीवर एकमेकांना चिमटे काढत ऐकायचो. पण अख्खा घड हातात धरून खाल्लेलं माणूस आमच्या दोन गल्ल्यांत शोधून सापडलं नसतं. एक गल्ली आम्हा ख्रिस्ती लोकांची, एक बौद्धांची, मध्ये सामाईक हातपंप. द्राक्षं न्यायची ती आजारी माणसाला बघायला जाताना, तीही पाव किलो, कागदाच्या पुडीत. नेणारा वाटेत दोन मणी तोंडात टाकणार हे आजाऱ्यालाही ठाऊक असायचं.

आणि नव्वदीनंतर नगर जिल्ह्यातल्या आमच्या बेलापूरच्या आसपास उसाच्या मधोमध लोखंडी अँगल उभे राहिले, त्यावर तारा ताणल्या गेल्या आणि बघता बघता द्राक्षांचे मांडव झाले. तो काळच असा होता की रोज काहीतरी नवीन गावात उतरायचं. स्टँडवर एसटीडीचा बूथ आला. पानाच्या टपरीवर परदेशी थंड पेयाचा लाल फ्रीज आला. बंगल्यांच्या गच्चीवर टीव्हीच्या उलट्या छत्र्या लागल्या. श्रीरामपूरला कॉलेजात आमचे अर्थशास्त्राचे सर 'खुली अर्थव्यवस्था' असं म्हणायचे तेव्हा मला वाटायचं, कुणीतरी दार उघडं टाकून गेलंय, आता वारा येणारच. मला तो वारा हवाच होता! मी अकरावीत होते आणि मला सगळंच हवं होतं. आमच्या हातपंपाला मात्र त्या वाऱ्याचा पत्ता नव्हता. तो उन्हाळ्यात पूर्वीसारखाच नुसता खोकायचा, आणि त्याच्या शेजारून बागेच्या ठिबकची काळी नळी द्राक्षांच्या मुळाशी पाणी घेऊन जायची.

ज्यांची बाग, त्यांना आम्ही मालक म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला मालकीणबाई. बाग मालकांच्या नावावर आणि हुकूम मालकीणबाईंचा. त्यांच्या दोन्ही हातांत कोपराच्या दिशेने चढत गेलेला हिरवा चुडा असायचा. त्या बोलायच्या आधी चुडा बोलायचा. लांबून खळखळ ऐकू आली की खुरपणाऱ्या बायकांचे हात आपोआप जोरात चालायला लागत.

माझ्या आईचे हात मात्र मुके होते. माझे वडील कारखान्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते, मी चौथीत असताना गेले. त्याच दिवशी आमच्या ओट्याच्या दगडावर आईचे हात आपटून बायकांनी तिच्या बांगड्या फोडल्या. एक काच मनगटात शिरली, तिचा पांढरा वण शेवटपर्यंत राहिला. आता आम्ही ख्रिस्ती. असं काही करायला आम्हाला कुणी सांगितलेलं नाही. पाळकसाहेब त्यावर बोललेही होते. पण धर्म बदलला तरी गाव तेच होतं आणि कासारही तोच होता. वस्तीत लग्न निघालं, कासार आला, की आई काहीतरी काम काढून मागच्या दारी जाऊन बसायची. सकाळी मालक शुभ कामाला निघाले आणि आई समोर दिसली, तर ते मोटरसायकल बंद करून उगाच टाकीत पेट्रोल किती आहे ते बघायचे. मी ते बघायची तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक जायची. आई म्हणायची, "जाऊ दे गं, त्यांचं पेट्रोल त्यांना मोजू दे."

त्या वर्षी मालकांनी जाहीर केलं, यंदाची द्राक्षं लंडनला जाणार. लंडनला! गावात दुसरा विषय नव्हता. आमच्यातले काही लोक शिर्डीच्या पुढे गेलेले नव्हते आणि आमच्या शिवारातली द्राक्षं समुद्र ओलांडणार होती. पुण्याहून माल पाठवणाऱ्या कंपनीचा एक तरुण साहेब आला. डोक्यावर टोपी, कमरेला पेजर. तो पेजर वाजला की साहेब बोलता बोलता मोटरसायकलला किक मारून स्टँडवरच्या बूथकडे सुटायचा. आम्हाला त्याची भारी मजा वाटायची. खोक्यांवर चिकटवायच्या कागदांवर इंग्रजी होतं, म्हणून ते काम मला मिळालं. सुट्टी असेल तेव्हा दिवसभर, कॉलेज असेल तेव्हा दुपारनंतर. पहिल्यांदाच माझ्या शिक्षणाचा कुणाला तरी उपयोग होता, त्यामुळे मी जमिनीपासून चार बोटं वरच चालत होते.

पॅकिंगच्या शेडमध्ये मालकीणबाईंनी आपल्या भावकीतल्या बायका बसवल्या. सावलीतलं, बसून करायचं, पंख्याखालचं काम. ते घरच्यांना मिळणार यात नवल ते काय! आई आणि वस्तीतल्या बायका बाहेर, मांडवाखाली वाकून घड कापत होत्या. पहिले क्रेट आत आले. सगळ्याजणी टेबलाला बसल्या, आणि साहेबाने नियम सांगायला सुरुवात केली. नखं कापलेली हवीत. केस टोपीत हवेत. घड देठाला धरायचा, मण्यांवरची पांढरी भुकटी पुसायची नाही. आणि हातात काचेच्या बांगड्या चालणार नाहीत.

टेबलावरचे सगळे हात पदराखाली गेले.

"काय म्हनला ह्यो?" मालकीणबाईंची धाकटी जाऊ उभी राहिली. "आमचं मालक धडधाकट हायेत. बांगड्या काढायला सांगतोय मुडदा!"

"अहो ताई, काच फुटून खोक्यात गेली तर सगळा कंटेनर परत येईल. तिकडे एखादीच्या तोंडात काच आली तर ती सरळ कोर्टात जाते."

"मंग तिला सांगा, बगून खा म्हनावं."

एक उठली, तिच्या मागे दुसरी, आणि बघता बघता शेड रिकामी. दारात सगळ्यांचा घोळका, बांगड्यांचा नुसता कल्लोळ. क्रेटमधली द्राक्षं उन्हाबरोबर तापत होती. साहेब कधी घड्याळाकडे बघत होता, कधी मालकीणबाईंकडे. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, माझ्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, "मग ज्यांच्या हातात न्हाईतच, त्यांना बसवा की!"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मालकीणबाईंनी असं बघितलं की दुसरी कुणी असती तर लेबलं टाकून पळाली असती. पण साहेबाला ते पटलं. "अशा आहेत का कुणी?" त्याने विचारलं.

मी धावतच मांडवात गेले. आईच्या हातातली कात्री काढून घेतली आणि तिला ओढत शेडमध्ये आणली. ती दारात थांबली. तिथं नारळ, हळदी-कुंकवाचं ताट ठेवलेलं होतं, पहिल्या खोक्याची पूजा व्हायची होती. अशा ठिकाणी आपण पुढे जायचं नाही हे तिच्या पायांनाच माहीत होतं. मी तिला मागून हळूच ढकललं. तिने साहेबापुढे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "हे बगा. हितं फुटायचं काई राह्यलं न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून ती शेड बघण्यासारखी होती! आईने दोन्ही गल्ल्या आणि गावकुसाबाहेरची घरं पालथी घातली होती. बौद्ध गल्लीतल्या दोघी विधवा बहिणी आल्या. नवऱ्याने टाकलेली एकजण आली, जिने आपल्या बांगड्या स्वतःच काढून पाटाच्या पाण्यात भिरकावल्या होत्या. मराठ्यांच्या मळ्यातली एक म्हातारी डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून आली, कारण विधवा झाल्यापासून ती चार माणसांत बसलीच नव्हती. लग्नकार्यात ज्यांना कोपऱ्यात बसवत, त्या सगळ्या एका ओळीत, पांढऱ्या टोप्या घालून, पंख्याखाली! मग कुणीतरी त्या म्हातारीला म्हणालं, "म्हातारे, टोपीत तू हवालदार दिसतीस," आणि ती अशी हसली की तिचा पदर नाकापर्यंत परत आलाच नाही.

मला त्या दिवसांतलं सगळं आठवतं. द्राक्षं टिकावीत म्हणून खोक्यात घालायच्या गंधकाच्या कागदाचा नाकात झोंबणारा वास. मण्यांची जाडी बघायची लोखंडी कडी. त्या कडीतून मणी खाली पडला तर घड गावच्या बाजाराला, अडकला तर लंडनला. आई म्हणायची, "आपन कडीतून खाली पडलेल्या." लेबलावरच्या उभ्या काळ्या रेघा बघून बायका विचारायच्या, हे काय लिहिलंय? मी ऐटीत सांगायची, ही यंत्राची भाषा आहे, यंत्र ती वाचून भाव सांगतं. "मंग त्या यंत्राला सांग," म्हातारी म्हणायची, "मानसाला न कळंल असा भाव ठिवू नका म्हनावं." गळालेले मणी खायची परवानगी होती, आणि त्या दिवसांत मणी जरा जास्तच गळायचे. घरी येताना आई पाठ ताठ करून चालायची. इतकी वर्षं खुरपून वाकलेली तिची पाठ टेबलाजवळ बसून सरळ झाली होती. "पुढल्या वर्सीबी हेच काम मिळालं पायजे," ती रोज म्हणायची. "परत उन्हात न्हाई जायचं मला." तिला दुसरं काही नको होतं. आणि तिला ते मिळावं यापलीकडे मलाही काही नको होतं.

पण आमचं कसं असतं, आनंद झाला की हात आखडत नाही.

शेवटच्या टेबलावर आई आणि त्या दोघी बहिणी होत्या. वजन करून आलेल्या खोक्यात वरून गंधकाचा कागद घालायचा आणि झाकण लावायचं. आता आमच्याकडे वांगी घ्या, मिरच्या घ्या, शेंगा घ्या, काट्यावर मापून झालं की विकणारा मूठभर वर टाकतोच. नाही टाकलं तर घेणारा हात पुढे करून उभा राहतो, आणि वर न टाकणारा विक्रेता परत त्या बाजारात तोंड दाखवत नाही. तेव्हा कंटेनर भरायच्या दिवशी सकाळपासून या तिघींनी काय केलं? बाजारासाठी बाजूला काढलेल्या ढिगातून एकेक छोटा घड उचलला आणि प्रत्येक खोक्यात वरून ठेवून दिला. प्रेमाने, देठाला धरून.

दुपारी साहेब खोक्यांच्या थप्पीजवळ थबकला. झाकणं जेवून उठल्यासारखी फुगलेली. त्याने एक उघडलं. दुसरं उघडलं. मग काट्यावर ठेवलं आणि त्याचा चेहरा पार उतरला.

"हे कुणी केलं?"

"आमीच," आई म्हणाली, आणि तिचा आवाज असा की आता शाबासकी येणार. "काट्याबरहुकूम दिलं तर गिऱ्हाईक काय म्हनंल? एवढ्या लांब माल पाठवला अन् वर एक घडबी टाकला न्हाई? नगर जिल्ह्याची लाज जायची."

साहेबाने हातातलं झाकण खाली टाकलं. मग बोलायला लागला तो थांबेना. बारीक मण्यांचे घड मोठ्यात मिसळले, वजन चुकलं, वरचे मणी चेपले, हे तिकडे उघडलं तर मालकांचा माल पुन्हा कधी घेणार नाहीत. प्रत्येक खोकं उघडा, आत्ताच्या आत्ता. संध्याकाळी गाडी येणार. "आणि मालकीणबाई," तो म्हणाला, "उद्यापासून मला या बायका नकोत."

आईचे हात टेबलावरच राहिले. मला मात्र रडू आलं आणि रागही आला. इतका राग की लेबलांचा गठ्ठा साहेबाच्या टोपीवर फेकावा. फसवायला म्हणून कमी देणारे जगात मोप आहेत. जास्त दिलं म्हणून कामावरून काढलेल्या बायका मी पहिल्यांदा बघत होते!

मालकीणबाईंनी तर आधीच सोय करून ठेवली होती. त्यांच्या जावेने डोकं चालवलं होतं की बांगड्या काढायच्याच कशाला, वरून फडकं गुंडाळून घट्ट बांधलं की झालं. त्यांनी लगेच निरोप धाडला. भावकीतल्या बायका मनगटांना फडकी बांधून आल्या, हात मोडून दवाखान्यातून परतलेल्या दिसत होत्या. आमच्या बायकांनी खोकी उघडायची आणि त्यांनी नवी भरायची, म्हणजे उद्याची तयारी आजच. आई मान खाली घालून, स्वतः टाकलेला एकेक घड बाहेर काढत होती.

तेवढ्यात मालक बाहेरून ओरडत आले, "आभाळ बगा! आभाळ बगा!"

मावळतीकडे काळंनिळं झालं होतं. होळी अजून व्हायची होती, आणि आभाळ आषाढातलं. तेव्हा त्याला आजच्यासारखं 'हवामान बदल' असं नाव नव्हतं. जुनी माणसं एवढंच म्हणायची की पूर्वी गारा कधीतरी आठवणीला पडायच्या, आता आभाळाला महिना कळत नाही. पिकलेल्या द्राक्षावर पाणी पडलं की मणी तडकतो आणि गार पडली तर विचारूच नका. निम्मी बाग अजून वेलीवर होती.

मग जी धावपळ उडाली! मालक ट्रॅक्टरवर, गडी क्रेट घेऊन, वस्तीतली माणसं न बोलावता कात्र्या घेऊन. आत टेबलावर घडांचे ढीग. आणि त्या गडबडीत जावेचं फडकं सैल झालं, हात क्रेटच्या कडेला आपटला आणि टिचकन आवाज आला. हिरव्या काचेचा तुकडा टेबलावर, घडांच्या मधोमध.

साहेबाने डोळे मिटून घेतले. ते टेबल सगळंच्या सगळं रिकामं केलं गेलं. आणि फडकीवाल्या साऱ्याजणींना त्याने हात जोडून बाहेर, बागेत कापायला पाठवलं. आत राहिल्या त्याच, उद्यापासून नको असलेल्या. पण उघडायची खोकी, भरायची खोकी, झाकणं... हात पुरेनात. मी लेबलं टाकून टेबलाला बसले. माझ्या हातात प्लॅस्टिकच्या दोन होत्या, त्या ओढून खिडकीत फेकल्या. तरी पुरेना.

खळखळ ऐकू आली. मालकीणबाई टेबलाच्या टोकाशी येऊन उभ्या होत्या. त्यांनी बाहेरचं आभाळ बघितलं, ढीग बघितला, मग चुड्याला हात घातला. पण चुडा कैक वर्षांचा, हात भरलेले, बांगडी अंगठ्याच्या हाडाशी येऊन अडायची. त्यांनी जावेला हाक मारली. "जरा वढ गं." जाऊ दारातून आत आली, बघितलं आणि दोन पावलं मागे सरली. "माज्याच्यानं न्हाई व्हायचं, आक्का. असल्या कामाला मला सांगू नका."

त्या वळल्या आणि आईसमोर हात धरले. "तू काढ."

आई घाबरली. मी तिला गारांना, सापाला, सावकाराला घाबरताना बघितलं नव्हतं, पण तेव्हा ती घाबरली. तिच्या हाताने सवाष्णीचा चुडा उतरायचा? "मालकीनबाई, मी न्हाई हात लावायची. उद्या काई इपरीत झालं तर गाव मला ठिवंल व्हय?"

"माज्या मालकांना काई व्हत न्हाई. त्ये बग, ट्रॅक्टरवर बोंबलत्यात. ऐकू येतंय न्हवं?" मालकीणबाई म्हणाल्या. "काढ लवकर. फकस्त फोडू नको."

आईने साबणाची वडी आणि बादली मागितली. त्यांच्या मनगटाला फेस केला, अंगठा तळहाताशी दुमडला आणि एकेक बांगडी अशी काढली, जसं पाहुण्यांचं झोपलेलं पोर उचलावं. तिच्या स्वतःच्या बांगड्या दगडावर आपटून फुटल्या होत्या. त्याच हातांनी ती दुसरीच्या अख्ख्या उतरवत होती, पुसत होती आणि पदराच्या गाठीत ठेवत होती. तिच्या ओठांवर कसली तरी पुटपुट चालली होती. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं. ती मालकांसाठी प्रार्थना करत होती. सकाळी तिला बघून पेट्रोल मोजणाऱ्या मालकांसाठी! मला तेव्हा तिचा राग आला आणि तिच्या पायाही पडावंसं वाटलं.

मालकीणबाई टोपी घालून तिच्या शेजारी बसल्या. थोड्या वेळाने मालक क्रेट घेऊन आत आले आणि बायकोचे रिकामे हात बघून जागीच खिळले. "बगताय काय?" त्या गरजल्या. "जिते हायसा तुमी. क्रेट ठिवा अन् दुसरा आना!" शेडमध्ये असा हशा पिकला की साहेबसुद्धा हसला. मळ्यातली ती म्हातारी हसता हसता म्हणाली, "घ्या, आता मालकीनबी आमच्यात." आणि मालकीणबाई म्हणाल्या, "हात चालव म्हातारे, त्वांड न्हाई."

काय झपाटा होता तो! कोण कुठल्या गल्लीतली, कुणाचा हात कुणाला लागतोय, कुणाला बघायला वेळ होता? देठ, कागद, झाकण. देठ, कागद, झाकण. मला वाटत होतं, हा जगाशी व्यापार म्हणतात तो हाच असेल तर मी जन्मभर करीन. शेवटची थप्पी गाडीत चढली, कंटेनरचं दार लागलं, गाडी श्रीरामपूरच्या रस्त्याला वळली, आणि मग पहिली गार शेडच्या पत्र्यावर वाजली.

पुढचं सांगायला फार वेळ लागत नाही. बागेच्या उरलेल्या कोपऱ्यात पानंही शिल्लक राहिली नाहीत. बंगल्याच्या स्लॅबवर गारा उड्या मारून गेल्या. आमच्या वस्तीत पत्र्यांना भोकं पडली आणि बौद्ध गल्लीतलं एक कुडाचं घर बसलं. आभाळ एकच होतं, पण ते ज्याच्या त्याच्या छपराप्रमाणे पडलं. तरी त्या संध्याकाळी ओल्या गोधड्या पिळतानाही आम्ही हसत होतो, कारण आईने पदराची गाठ सोडून मालकीणबाईंच्या हातात चुडा परत कसा भरला याची नक्कल ती बौद्ध गल्लीतली थोरली बहीण करून दाखवत होती. चुडा भरताना मालकीणबाईंनी साहेबाला तिथंच सांगून टाकलं होतं, "बायका ह्याच ऱ्हातील. पुढल्या वर्सीबी. तुमाला पटत नसंल तर दुसरी बाग बगा." साहेबाने आईकडे बघून एवढंच विचारलं, "वर काही टाकणार नाही ना, मावशी?" आईने मान हलवली.

घरी आल्यावर ती मला हळूच म्हणाली, "एका खोक्यात ऱ्हाऊ दिलाय."

"आई!"

"ऱ्हाऊ दे. लंडनात कुना एकाला तरी कळू दे, आमी कसे इकतो त्ये."

त्या एका घडाची तक्रार कधी आली नाही. कुणीतरी मुकाट्याने खाल्ला असणार.

हंगाम संपला की मालकीणबाई दरवर्षी कामकरणींना बांगड्या भरत, आणि ज्यांना चालत नसत त्यांना नारळ. त्या वर्षीही शेडमध्ये कासार बसला, आणि नारळवाल्या आपल्याआप भिंतीकडे सरकल्या. मालकीणबाईंनी आईचं मनगट धरून तिला कासारापुढे बसवलं. कासार एकदा हाताकडे बघे, एकदा मालकीणबाईंकडे. आमच्या दोन्ही गल्ल्यांतल्या सगळ्यांना वाटलं की आई उठून जाईल. मलाही वाटलं.

आईने त्याच्या सगळ्या माळा नीट बघितल्या आणि विचारलं, "द्राक्षाच्या रंगाच्या हायेत का?"

वस्तीत महिनाभर कुजबुज झाली. माझी आत्या आमच्याकडे पाणी पिईना. आईने बांगड्या उतरवल्या नाहीत. भाकरी थापताना तिच्या हातांचा आवाज यायचा आणि मी पुस्तक मिटून तो ऐकत बसायची.

पुढच्या वर्षी शेड सुरू व्हायच्या दिवशी ती पहाटेच उठली. ओट्यावर, त्याच दगडाजवळ, बादली आणि साबण घेऊन बसली. मी दार उघडलं तर ती आपल्याच मनगटाला फेस करत होती. पांढऱ्या वणावरून एकेक बांगडी सरकवत तिने काढली, पुसली आणि पत्र्याच्या डबीत ठेवली. समोरून आत्या हातपंपावर निघाली होती. तिने ते बघितलं आणि सवयीने तोंडाला पदर लावून कळवळून विचारलं, "अगं बाई, काय झालं गं? कोन गेलं?"

"कुनी न्हाई गेलं," आई डबीचं झाकण लावत म्हणाली. "मी चालले. कामाला."